खंडेनवमीला धुतलेली मशीन

“काही झालं तरी मी भट्टीवर पुन्हा जानार नाही, इंदू, अन् गेलोच, तर तू मले जाऊ देऊ नको.”

नरहर उरकुडे हे एका दुपारी अंगणातल्या नळाखाली डोकं धरून बोलला होता. त्याच्या भुवया अर्ध्या जळाल्या होत्या, मानेवर फोड आले होते. रायपूरबाहेर उरला भागात लोखंड वितळवायचा एक कारखाना होता, तिथं तो भट्टीवर होता. त्या दिवशी भंगारासोबत कुठून तरी पाणी साचलेला एक डबा भट्टीत गेला. उकळत्या लोखंडाला पाणी सोसत नाही. रस उसळला. नरहरच्या शेजारी उभा असलेला माणूस खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. नरहर तिथून चालतच घरी आला. बायकोनं, इंदूनं, नळ तेवढा मोठा केला.

नंतर त्यानं भट्टीवरचे जाड बूट आणि ठिकठिकाणी भोकं पडलेलं जाकीट तिच्यापुढं टाकलं. “फेकून दे,” म्हणाला. तिनं ते उचलून नेलं.

नरहरचा जन्म रायपूरचाच, रेल्वेच्या क्वार्टरातला. वडील अनंतराव मूळचे पुलगावकडचे. तरुणपणी वॅगन दुरुस्तीच्या शॉपमध्ये लागले आणि तिथंच केस पांढरे करून निवृत्त झाले. पोरानंही रेल्वेत लागावं ही त्यांची एकच इच्छा. पोरगा परीक्षा देत राहिला आणि नापास होत राहिला. मग भट्टी आली. अनंतरावांच्या मते भट्टी वाईट असली तरी ती नोकरी होती. शिफ्ट होती, गेटवर हजेरी होती, माणूस कुठं जातो ते चारचौघांत सांगता येत होतं. नोकरी सोडलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी रुळावरून उतरलेली वॅगन. तशा वॅगनीवर त्यांनी जन्मभर हातोडा मारला होता, तिची कीव कधी केली नव्हती.

तेव्हा शहराच्या पूर्वेला, तेलीबांध्याच्या पुढं, दुसरंच एक शहर उभं राहत होतं. धानाच्या शेतांमधून इतके रुंद रस्ते निघाले की त्यांवरून जायला गाड्या नव्हत्या. मंत्रालय तिकडे जाणार असं सगळे म्हणत होते, आणि एक दिवस ते खरंच गेलं. माणसं मात्र गेली नाहीत. रस्त्याच्या कडेला दिवे लागले, फुटपाथ झाले, बागा झाल्या, आणि त्यांच्यात संध्याकाळी फक्त वारा फिरायचा. पण हे सगळं बांधायला हात लागत होते आणि यंत्रं लागत होती. नरहर तिथं दुसऱ्यांच्या मशिनी चालवायला शिकला. मग एका बंद पडलेल्या साइटवरून त्यानं एक जुना स्किड लोडर विकत घेतला. त्यासाठी पुलगावची शेताची पट्टी विकली. कागदावर सही अनंतरावांचीच होती. ती त्यांनी केली, पेन टेबलावर ठेवलं आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं बंद केलं.

घर तेच, ताटं शेजारी शेजारी, पण बोलणं इंदूमार्फत.

“सूनबाई, त्याले म्हना, मीठ सरकव इकडे.”

मीठ नरहरच्या पुढ्यात असायचं. तो सरकवायचा.

“सूनबाई, त्याले म्हना, बस झालं.”

एकदा नात स्नेहल न राहवून म्हणाली, “दादाजी, आप सीधे पापा को क्यूँ नहीं बोलते?”

“सूनबाई, तुमच्या नवऱ्याले म्हना, पोट्टीले आधी मराठी शिकव.”

नरहरसुद्धा खाली मान घालून हसला होता तेव्हा. पण हसणं तेवढंच. वर्षं अशीच गेली. म्हातारा दारात बसलेला असायचा, मुलगा त्याच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडायचा.

मशीन मात्र चालत होती. हत्तीच्या पिल्लाएवढी, पुढं माती उचलायचं लोखंडी सूप, मध्ये पिंजऱ्यात बसायची जागा, पाठीत इंजिन, आणि त्या पाठीतून वर निघालेली धुराची नळी. तिला स्टिअरिंग नव्हतं. एका बाजूची चाकं पुढं आणि दुसऱ्या बाजूची मागं फिरवली की ती जागच्या जागी गरकन वळायची. साइटवरचे छत्तीसगढी मजूर तिला भौंरा म्हणायचे, म्हणजे भोवरा. नरहरला ते नाव आवडलं. “हिले रस्ता लागत नाही, इंदू,” तो सांगायचा. “उभी राहायपुरती जागा असली का झालं. तितल्या तितं फिरते.” धुराच्या नळीच्या तोंडावर त्यानं रंगाचा एक रिकामा डबा उपडा घातला होता, पाऊस आत जाऊ नये म्हणून. काम संपलं की आधी डबा, मग घर. भट्टीवरून आलेल्या माणसाला पाण्याची भीती वेगळीच असते.

मग ती खंडेनवमी आली.

पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, बाकीचे लोक विश्वकर्म्याच्या दिवशी आपापली यंत्रं पुजून मोकळे व्हायचे. उरकुड्यांच्या घरी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार धुवायचं, पुजायचं, आणि दसरा उगवेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सकाळी नरहर हार आणि नारळ आणायला सदर बाजारात गेला. इंदू स्वयंपाकघरात होती. खिडकीतून तिला दिसलं की अनंतराव खुर्चीतून उठले, धोतर वर खोचलं आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते मशीनकडे कधी पाठ फिरवल्याशिवाय बसले नव्हते.

“सूनबाई, सोडा आन. अन् नळाचा पाइप.”

ती धावतच गेली. म्हाताऱ्यानं बाह्या सारल्या आणि मशीन धुवायला घेतली. चाकांमधली माती काडीनं कोरून काढली. एकेक नट फडक्यानं पुसला. वय विसरून ते गुडघ्यावर बसले, उठले, पुन्हा बसले. इंदू बादल्या भरून देत राहिली आणि तिच्या डोळ्यांना पुन्हा पुन्हा पाणी येत राहिलं. घरात काहीतरी संपत आलं आहे आणि ते तिच्या हातूनही संपतं आहे, असं तिला वाटलं.

“हा डबा कायले अडकवला याच्या डोक्यावर?” अनंतराव म्हणाले. “पूजेच्या दिवशी असा गंजका डबा?” त्यांनी तो काढून कोपऱ्यात फेकला. मग बोट नळीत घालून पाहिलं. बोट काळंकुट्ट निघालं. “धुराडं आतून साफ पाहिजे. आमच्या शॉपात खंडेनवमीले बोल्टची भोकं धुवत होतो आमी.” आणि त्यांनी पाइप नळीत सोडला.

पाणी आत जात राहिलं. बाहेर काहीच आलं नाही.

“पाहा, कशी तहानली होती,” अनंतराव म्हणाले.

नरहर हार घेऊन आला तेव्हा मशीन नव्या भांड्यासारखी चमकत होती आणि बाप तिच्या शेजारी ओल्या धोतरात उभा होता. “नरहर,” बाप म्हणाला, “हार आन इकडे.”

नरहर फाटकातच उभा राहिला. आपल्याच बापाच्या तोंडून आपलं नाव त्याला नीट ओळखू आलं नसावं. मग तो पुढं झाला. दोघांनी मिळून हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अनंतरावांनी खोबऱ्याचा तुकडा मुलाच्या हातावर ठेवला. डब्याची आठवण कुणाला झाली नाही. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नव्हता, म्हणून ती तशीच उभी राहिली. पाणी पोटात घेऊन.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर सगळा पारा अंगणात जमला. अनंतरावांनी नवा पांढरा सदरा घातला होता. नरहर पिंजऱ्यात बसला आणि त्यानं चावी फिरवली.

टक्.

एवढंच. पुन्हा फिरवली. टक्.

“बॅटरी उतरली असंन,” समोरचा धर्मपाल म्हणाला. त्याचा ट्रक रस्त्यावरच होता. त्यानं ट्रकच्या बॅटरीवरून तारा आणून जोडल्या. सणाच्या दिवशी, इतक्या माणसांसमोर, कुणाला थांबायला वेळ नव्हता. नरहरनं एकदा बापाकडे पाहिलं. बाप टाळ्या वाजवायला हात जुळवून उभा होता. नरहरनं चावी फिरवली आणि धरून ठेवली. आतून कुणी तरी कण्हलं, काहीतरी अडलं, मग दबलं, आणि इंजिन एकदम सुरू झालं. नळीतून काळ्या पाण्याची पिचकारी उडाली ती थेट अनंतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

पारा हसून लोळला.

“बाप्पा! दसऱ्यालेच होळी खेळली माझ्यासंग!” अनंतराव स्वतःच ओरडले.

इंदू हसता हसता नवऱ्याकडे बघत होती. तो हसत नव्हता. त्याची मान मागे इंजिनाकडे वळली होती. मग त्याला दिसलं की बाप आपल्याकडे बघतो आहे, आणि तोही हसला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला आणि चुलीपाशी येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, “आवाज हाये.”

“कसला?”

“उखळात कोनी कांडून राहिलं असा. सूप भरून उचललं का वाढते, खाली ठेवलं का मंद होते.”

त्यानं मग सगळं सांगितलं. इंजिन चालू ठेवून त्यानं प्रत्येक सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या नळीचा नट एकामागून एक ढिला केला होता. ज्याची नळी ढिली होते त्या सिलिंडरला डिझेल पोचत नाही आणि तो रिकामाच फिरतो. पहिल्याला आवाज तसाच. दुसऱ्याला तसाच. “तिसऱ्याची नळी सोडली अन् आवाज निम्म्याहून खाली बसला. तिसऱ्यातच हाये जे काही हाये ते.”

“मंग बंद ठेवा. हिरालालले बोलवा.”

“बोलवीन.”

“उद्याच बोलवा.”

“बाबा पाहून राहिले ना,” नरहर म्हणाला. “खंडेनवमीले पूजा केली त्यायनं. लगेच मेकॅनिक अंगनात बसला तर काय म्हनतील? दोन-चार दिवस जाऊ दे.”

बाहेरून हाक आली. “नरहर! कशी चालली आज?”

“मस्त, बाबा!”

इतक्या वर्षांचं साठलेलं म्हाताऱ्याला आता धरवत नव्हतं. मुलगा संध्याकाळी आला रे आला की ते खुर्ची फाटकाजवळ ओढायचे. कशी चालली? किती माती उचलली? चढावर दमते का? आणि नरहर हातपाय न धुता तिथंच पायरीवर बसायचा आणि सांगायचा. मस्त, बाबा. एक नंबर, बाबा. तुमी धुतली तशी पळते, बाबा. इंदू आतून ऐकायची. तिला आता तो कांडल्याचा आवाज रोज ऐकू यायचा. मशीन वळणावर असतानाच ऐकू यायचा. रोज थोडा जवळून. म्हाताऱ्याचे कान जन्मभर हातोड्यांत गेलेले. त्यांना तो ऐकू येत नव्हता.

“अहो, तुमीच सांगता ना, भट्टीवर जानार नाही म्हनून?” ती एकदा चिडून म्हणाली. “मंग हिले जपा ना! बाबाले खरं सांगा ना!”

“काय सांगू?” तो म्हणाला. त्यानं इतक्या विचित्र नजरेनं तिच्याकडे पाहिलं की तिला पुढं बोलवलं नाही.

नव्या रायपूरच्या एका सेक्टरात, जिथं अजून एकही घर नव्हतं अशा रस्त्याचा फुटपाथ भरताना, मशीन थांबली. कुणी गळा दाबत आणावा तसं इंजिन हळू हळू दबत गेलं आणि गप्प झालं. ती ट्रेलरवर चढवून अंगणात आणून ठेवली. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

हिरालाल बीरगांवचा. रेल्वेच्या क्वार्टरांत मराठी पोरांमध्ये वाढला होता, त्यामुळे मराठी बोलायचा, पण मध्येच हिंदीत उतरून जायचा. दुपारी तो पेटी घेऊन आला. अनंतरावांनी लगेच खुर्ची मशीनजवळ घेतली. त्यांच्या डोक्यावर तारेला कपडे वाळत होते.

“काय झालं, बाबूजी? चेहरा काहून उतरला?” हिरालाल म्हणाला.

“माझं काय विचारतो? हिचं पाह.”

हिरालालनं आधी चावी फिरवली. टक्. बॅटरी तपासली, स्टार्टर काढून जमिनीवर फिरवून पाहिला. दोन्ही चांगले. नरहर त्याच्या शेजारी उकिडवा बसला होता. इंदू चहा घेऊन उभी होती.

“पंप जाम असंन,” नरहर म्हणाला. “इंजिनाच्या मांगं सूप उचलनाऱ्या तेलाचा पंप हाये ना. तो अडकला तरी इंजिन फिरत नाही. भंगारातून दुसरा भेटते.”

“हव, हो सकते,” हिरालाल म्हणाला. “देखते हैं.”

पंप सोडवायला बराच वेळ लागला. नरहर त्याच्याकडे असा बघत होता, जसं कुणी दवाखान्याच्या दाराकडे बघतं. पंप सुटा झाला. हिरालालनं त्याचा दांडा हातानं फिरवला. तो लोण्यासारखा फिरला.

मग त्यानं इंजिनाच्या पुढच्या नटावर लांब पाना बसवला आणि त्यावर अंगाचा भार टाकला. हललं नाही. नरहर उठला. दोघांनी मिळून जोर लावला. पाना वाकतो की काय असं वाटलं, पण आतलं काही हललं नाही.

“इंजिनच धरलं,” हिरालाल म्हणाला.

“गंजानं बसलं असंन. वरून डिझेल टाकून ठेवू. मोकळं होते कधी कधी.”

“भैया, परवापर्यंत चालत होता ना? परवा चालणारा गंजानं बसत नाही.”

हिरालालनं खालचा बोल्ट काढून तेल एका घमेल्यात सोडलं आणि घमेलं उन्हात सरकवलं. काळ्या तेलात चांदीच्या वर्खासारखी चकाकी तरंगत होती. इंदूला क्षणभर ते सुंदर वाटलं.

“बेअरिंग,” हिरालाल म्हणाला. “पिसून गेला सगळा. तेल नाही टाकलं काय?”

“तेल दसऱ्याच्या आधीच बदललं!” नरहर एकदम ओरडला. “तेलाची गोष्ट माह्यासंग करू नको, हिरालाल. पोटाले नसलं तरी हिले तेल घालतो मी.”

“अरे, चिडून काय राहिला? विचारलं मी.”

“बरोबर विचारून राहिला तो,” अनंतराव खुर्चीतून म्हणाले. “मशीनले तेल वेळेवर लागते. आमच्या शॉपात तर…”

“बाबा, तेल होतं.”

हिरालालनं इंजिनाचं डोकं उतरवायला घेतलं. तोवर ऊन कलंडलं. चहाचे कप तसेच राहिले. डोकं निघालं, तेव्हा त्यानं नरहरला बोलावलं आणि बोट दाखवलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन वरच्या टोकाला अडकला होता, पण काठाला पोचला नव्हता. ओळीतल्या एका पोराची उंची राहून जावी तसा तो खाली राहिला होता. आणि त्याच्या वर, सिलिंडरच्या भिंतीला, तांबूस गंजाचं एक पुसट कडं होतं.

“पिस्टनचा रॉड वाकला,” हिरालाल म्हणाला. “हे पाण्याचं काम. हवा दबते, भैया, पानी दबत नाही. चावी मारली तवा पिस्टन वर आला, वर पानी होता. पानी हटला नाही. मग रॉड हटला. वाकड्या रॉडवर बेअरिंग किती दिवस टिकंल? ते गेलं, त्यानं क्रँक खाल्ली, इंजिनाचा मेन दांडा. क्रँक गेली तर काही नाही राहिलं. इतक्या जुन्याची क्रँक कुठून आनायची? नाही भेटत.”

रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेला.

इंदूनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, थकवा होता, पण आश्चर्य नव्हतं. पाणी हा शब्द त्याला नवा नव्हता. आणि मग तिला कळलं. त्याला हे दसऱ्यापासून ठाऊक होतं. काळी पिचकारी उडाली त्या क्षणापासून. मान वळवून तो आवाज ऐकत होता तेव्हाच. ‘काय सांगू?’ असं त्यानं तिला विचारलं होतं, ते उत्तर टाळणं नव्हतं. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. पाइप तिनंच आणून दिला होता.

“पहिल्या दिवशी बंद केला असता ना,” हिरालाल हात पुसत म्हणाला, “तर एक रॉड बदलून काम होऊन जात होतं. आवाज आला असंन ना तुला?”

नरहर घमेल्यातल्या तेलाकडे बघत राहिला.

“आवाज येत होता?” अनंतराव खुर्चीत पुढं सरकले. “ठोकत होतं इंजिन, अन् तू चालवत होता?”

“बाबा…”

“काहून चालवत होता? मी रोज विचारत होतो ना तुले? रोज! कशी चालली म्हनून? मस्त बाबा, मस्त बाबा! हे मस्त?”

“मामाजी,” इंदू सासऱ्यांना म्हणाली, “राहू द्या ना आता. चहा गरम करून आनते.”

“कायले राहू दे? माह्या बापाची जमीन हाये त्या मशिनीत!” म्हातारा आता उठून उभा राहिला. “अन् पानी कुठून येईन, हिरालाल? दसऱ्याले पाऊस होता काय? रेडिएटर फुटला असंन.”

“रेडिएटर फुल भरून आहे, बाबूजी. गॅसकेट पण चांगली आहे. पानी बाहेरून गेला. वरून.”

“वरून कुठून?”

हिरालालनं खांदे उडवले आणि पेटी आवरायला घेतली. पण त्याची नजर मशीनच्या पाठीवर, धुराच्या उघड्या नळीवर गेली. इंदूला ते दिसलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं नजर खाली घेतली आणि पाने मोजत असल्यासारखं केलं.

“काळजी नाही तुले!” अनंतराव मुलाला म्हणाले. आवाज चढत होता. इतक्या वर्षांचा अबोला सुटल्यावर शब्द कुठं थांबवायचे ते त्यांना कळेना. “पोरासारखी जपा लागते मशीन. मी या वयात धुतली तिले. कशी धुतली, विचार सूनबाईले! एक नट सोडला नाही. चाकं, सूप, पिंजरा. तो गंजका डबा काढला, धुराडंही आतून…”

“मामाजी, बसा ना तुमी,” इंदू जवळजवळ ओरडली.

“आतून धुतलं! दसऱ्याले कशी सुरू झाली होती, साऱ्या पाऱ्यानं पाहिली. काय पिचकारी उडाली होती त्या धुराड्यातून! अजून डाग गेला नाही, हा पाह माझा सदरा…”

त्यांनी डोक्यावरच्या तारेकडे हात केला. पांढरा सदरा तिथंच वाळत होता. इंदूनं तो कितीदा घासला होता. छातीवर काळ्या पाण्याचे शिंतोडे तसेच होते. म्हाताऱ्याचा हात वर गेला तो तसाच राहिला. तोंड उघडं होतं. त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं. मग नळीकडे. मग कोपऱ्यात, जिथं रंगाचा डबा अजून पडलेला होता. मग मुलाकडे. त्यांचे ओठ हलले, पण ‘सूनबाई, त्याले म्हना’ हेसुद्धा त्यांना म्हणता आलं नाही. हात हळूहळू खाली आला आणि खुर्ची शोधायला लागला. ती मागेच होती, तरी सापडली नाही. इंदूनं त्यांना धरून बसवलं.

नरहरनं हे सगळं पाहिलं आणि तो नळाकडे गेला. त्यानं हाताला साबण लावला, बोटांच्या फटीतलं काळं काढलं, पुन्हा साबण लावला. वाहत्या पाण्याखाली त्यानं खूप वेळ हात धरले. इंदूला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. बापाला दोन शब्द. तिला एक. शिवी दिली तरी चालेल. पण जो शब्द तो काढेल तो म्हाताऱ्याच्या अंगावर जाऊन पडेल, हे त्यालाही कळत असावं. त्यानं नळ घट्ट बंद केला.

तो घरात गेला. मागच्या खोलीत स्टूल ओढल्याचा आवाज आला. माळ्यावर, जुन्या पितळी घागरींच्या मागे, इंदूनं पोत्यात गुंडाळून ते बूट-जाकीट ठेवलं होतं. फेकून दे म्हणाला होता, आणि तिनं फेकलं नव्हतं. कधी लागेल, न लागेल, असं तेव्हा तिच्या मनात आलं होतं. त्याच्यावर, त्याच्या मशिनीवर, त्या नव्या शहरावर तिचा पुरता विश्वास कधी बसलाच नव्हता. आणि पोतं कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. एवढ्या वर्षांत त्यानं त्याबद्दल तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा पायांत ते जाड बूट होते. चामडं वाळून कडक झालं होतं. चालताना करकरत होतं. जाकीट खांद्यावर होतं, त्याच्या भोकांतून मागची भिंत दिसत होती. हिरालाल पेटी घेऊन बाजूला झाला. अनंतराव खुर्चीत बसून स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. नरहर त्यांच्याजवळून जाताना आपसूक खुर्चीला वळसा घालून गेला, जसा तो इतकी वर्षं जायचा.

इंदू फाटकाशी जाऊन उभी राहिली होती. ‘तू मले जाऊ देऊ नको,’ असं तोच म्हणाला होता. तिला वाट अडवायची होती. तिनं फाटकाची कडी हातात घट्ट धरली होती. तो तिच्यासमोर येऊन थांबला. त्याच्या भुवया केव्हाच्या परत उगवल्या होत्या, दाट आणि काळ्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातून कडी सुटली.

नरहरनं फाटक उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि उरल्याच्या दिशेनं, जिथं भट्ट्यांचा धूर दिवसाही आभाळाला टेकलेला असतो, तिकडे चालू लागला.